जमशेटजींची गिरणी आणि आपली अकरावी



दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामात दोन-तीन आठवडे एकच विषय असतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर पूर्वी पावसाची चौकशी व्हायची, आता टक्क्यांची होते. मागच्या रविवारी एक वडील आपल्या मुलाला घेऊन ऑफिसात आले. मुलगा मान खाली घालून उभा. गुण बेताचे, साठीच्या आसपास. वडिलांचे म्हणणे असे की त्याला विज्ञान शाखेतच घालायचे, त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढून शिकवणी वर्गाची फी भरायची. कारण चुलतभावाचा मुलगा विज्ञानाला आहे. मुलाला काय हवे असे मी विचारले तेव्हा बराच वेळ उत्तर आले नाही. मग आईनेच सांगितले की घरातले मिक्सर, पंखे, शेजाऱ्यांचे कूलर सगळे हाच दुरुस्त करतो, आणि गणिताच्या पुस्तकाजवळ मात्र फिरकत नाही. वडील त्यावर चिडले. जाताना ते सहज बोलून गेले की त्यांचे स्वतःचे वडील एम्प्रेस मिलमध्ये आयुष्यभर साचे चालवत होते, आणि आपल्या मुलाच्या हाताला पुन्हा तेल लागू नये एवढीच त्यांची इच्छा आहे.

त्यांची इच्छा मला समजते. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु एम्प्रेस मिलचे नाव निघाल्यामुळे ती गिरणी ज्याने उभारली त्या माणसाचे आयुष्य दोन दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिले. टाटा हे नाव आपण मिठापासून मोटारीपर्यंत रोज वाचतो. पण जमशेटजी टाटांनी आपले पहिले मोठे काम मुंबईत नव्हे, आपल्या नागपुरात केले, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. शिक्षणाची आणि कामाची वाट कशी निवडावी, याविषयी त्यांच्या आयुष्यात बरेच काही सापडते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे, म्हणजे मुलाची वाट जन्माआधीच आखलेली. ती वाट मोडली प्रथम त्यांच्या वडिलांनी. नसरवानजी मुंबईस जाऊन व्यापारात शिरले आणि मुलाचे डोके हिशेबात चालते हे पाहून त्यांनी त्याला तेराव्या-चौदाव्या वर्षी आपल्याजवळ बोलावून घेतले. पुढे तो एल्फिन्स्टन संस्थेत शिकला आणि १८५८ मध्ये चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला. त्या काळच्या भाषेत तो ‘ग्रीन स्कॉलर’ ठरला, म्हणजे आजच्या पदवीधरासारखाच. वाचनाची आवड त्याला तिथे लागली ती जन्मभर टिकली.

पदवी हातात आली, आणि मग? आजच्या कोणत्याही घरात पडतो तोच प्रश्न त्या घरातही पडला असणार. जमशेटजींनी काही काळ एका सॉलिसिटरच्या कचेरीत काम केले. ते सोडून वडिलांच्या पेढीत आले. १८५९ मध्ये पेढीची शाखा काढायला हाँगकाँगला गेले. तेव्हाचा चीनशी व्यापार कापसाचा तसाच अफूचाही होता, आणि टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. ही गोष्ट आज आपल्याला खटकते आणि खटकली पाहिजे. थोर माणसाचे चरित्र सांगताना ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्यानंतरचा प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध सुरू होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईतले लोक वेड्यासारखे पैसे गुंतवू लागले. जमशेटजी त्याच सुमारास लंडनला गेले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांच्या जवळच्या हुंड्या कागदाच्या किमतीच्या झाल्या. वय सव्वीस, परका देश, देणेकऱ्यांचा तगादा. ते लपले नाहीत. देणेकऱ्यांकडे स्वतः जाऊन त्यांनी सगळे हिशेब समोर ठेवले. त्या लोकांना त्यांचा सरळपणा इतका पटला की व्यवहार मिटवण्याचे काम त्यांनी जमशेटजींवरच सोपवले, तेही महिना वीस पौंड पगारावर. इकडे मुंबईत वडिलांना घर विकावे लागले. ज्या मुलांना या वर्षी अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले आहेत, त्यांनी हा प्रसंग दोनदा वाचावा.

१८६८ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी एकवीस हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची एक दिवाळे निघालेली तेलगिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली, दोनेक वर्षे चालवली आणि नफ्याने विकून टाकली. मग ते इंग्लंडात लँकेशायरला गेले. या वेळी विकायला नव्हे, शिकायला. सूत कसे काढतात, यंत्रे कोणती, माणसांची व्यवस्था कशी, हे त्यांनी तिथे पाहिले. आधी लहान प्रयोग करायचा, मग ज्याला खरोखर येते त्याच्याकडे जाऊन शिकायचे, आणि मगच मोठा डाव मांडायचा, अशी त्यांची रीत.

आता नागपूर. मोठी गिरणी काढायची तर ती मुंबईतच, असे तेव्हा सर्वांनी गृहीत धरले होते. भांडवल तिथे, बंदर तिथे, प्रतिष्ठा तिथे. चांगला विद्यार्थी म्हणजे विज्ञान शाखा, असे आपण आज धरून चालतो ना, तसेच. जमशेटजींनी मात्र साधे प्रश्न विचारले. कापूस कुठे पिकतो? कापड विकत घेणारे कुठे राहतात? इंधन कुठून येणार? कापूस विदर्भात पिकत होता, गिऱ्हाईक मध्य प्रांतात होते, रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती आणि वरोऱ्याला कोळसा होता. मग कापूस मुंबईला न्यायचा आणि कापड परत आणायचे कशासाठी? १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. आज आपण त्या तलावाला गांधीसागर म्हणतो. इथल्या एका सावकाराकडे भांडवल मागितले तेव्हा हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे असे म्हणून त्याने पैसा दिला नाही. पुढे गिरणी भरभराटली तेव्हा, याने माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली त्यानेच दिली असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव पडले.

सगळे लगेच सुरळीत झाले असे नाही. पहिली यंत्रे स्वस्तातली होती, ती निकृष्ट निघाली आणि बदलावी लागली. पैसे वाचवायला गेलो आणि चुकलो हे कळल्यावर जमशेटजी त्या चुकीला चिकटून राहिले नाहीत. पुढे रिंग पद्धतीच्या नव्या चात्या निघाल्या, तेव्हा लँकेशायरचे जुने कारखानदार त्यांच्याकडे संशयाने पाहत असताना नागपुरात त्या बसवून पाहिल्या गेल्या. आणि गिरणीचा व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडले कोणाला? बेझनजी दादाभाई मेहता यांना. हे गृहस्थ रेल्वेच्या माल विभागात नोकरीला होते. कापडगिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. जमशेटजींनी माणसाची कामाची पद्धत पाहिली, त्याचा आधीचा विभाग पाहिला नाही. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या जाणकार इंग्रजाकडे दिली. बेझनजींनी पुढे कित्येक वर्षे ती गिरणी नावारूपाला आणली. एखाद्या विषयाचे प्रमाणपत्र नसलेला माणूस त्या विषयात उत्तम काम करू शकतो, आणि शेजारी जाणकार असला तर लवकर शिकतो, हे यातून दिसते. अर्थात यावरून प्रमाणपत्राची गरजच नाही असे कोणी समजू नये. ब्रुक्सबीशिवाय बेझनजींचे फार काळ चालले नसते.

नागपूरच्या कामगारांना रोज भोंग्यावर येण्याची सवय नव्हती. लग्न आले, पेरणी आली, की साचे ओस. दंड करण्याऐवजी जमशेटजींनी हवा खेळती राहील अशी सोय केली, बक्षिसे ठेवली, खेळांचे दिवस सुरू केले. १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाई, अशा गोष्टी केल्या. या देशात तशी सक्ती करणारे कायदे व्हायला अजून बरीच वर्षे होती. शिकलेल्या तरुणांना गिरणीत उमेदवारीवर घेऊन तयार करण्याची पद्धतही इथे होती. पदवीधराने कोट काढून साच्याजवळ उभे राहायचे, हात काळे करायचे, मग वरच्या जागेचा विचार. आपल्या त्या रविवारच्या पाहुण्यांना मी हेच सांगू पाहत होतो की हाताला लागलेले तेल आणि डोक्यातले शिक्षण यांचे भांडण आपण लावले आहे, त्या गिरणीत ते नव्हते. मात्र त्यांच्या बाजूनेही एक खरे आहे. ती गिरणी १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली, आणि जी माणसे फक्त साचाच चालवू शकत होती त्यांचे काय हाल झाले हे या धर्मग्रामातल्या काही घरांनी पाहिले आहे. आज तिथे मॉल आहे. वडिलांची भीती हवेतून आलेली नाही.

जमशेटजींच्या थोरल्या मुलाची हकीकत पालकांनी जरूर ऐकावी. दोराबजी केंब्रिजला शिकायला गेले, १८७९ मध्ये परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधून, येशूसंघीय फादरांच्या हाताखाली, १८८२ मध्ये पदवीधर झाले. एवढ्या मोठ्या उद्योगपतीचा मुलगा, मग तो लगेच पेढीवर बसला असेल असे वाटते. तसे झाले नाही. दोन वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या वर्तमानपत्रात काम केले. त्यानंतर वडिलांनी त्यांना पाँडिचेरीला पाठवले, तिथे गिरणी काढणे परवडेल का हे पाहण्यासाठी. आणि ते जमत नाही असे ठरल्यावर नागपुरात एम्प्रेस मिलमध्ये धंदा शिकायला. दोन विद्यापीठे, एक वर्तमानपत्र, एक फसलेली चौकशी, मग गिरणी. आपल्यापैकी किती वडिलांना एवढा धीर आहे?

याच दोराबजींची एक गोष्ट तर आपल्या सिव्हिल लाइन्समधली आहे. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे लोखंड आहे असा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींनी १८८२ मध्ये वाचला होता. वरोऱ्याचा कोळसा तपासला तर तो त्या कामाचा निघाला नाही, सरकारी नियमही आड आले, आणि विचार सतरा-अठरा वर्षे बाजूला राहिला. नियम सैल झाल्यावर शोध पुन्हा सुरू झाला. पण लोहाऱ्याकडून आशा उरली नाही. हे काम सोडतो असे अधिकाऱ्यांना सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग गडद रंगवलेला होता. त्या खुणेवरून ते राजहऱ्याच्या लोखंडाच्या डोंगरापर्यंत पोहोचले. टाटांचा कारखाना शेवटी तिथे झाला नाही, तो आणखी पूर्वेला साक्चीला, आजच्या जमशेदपूरला झाला. पण शोध थांबला नाही तो त्या नकाशामुळे. मुलांना मी अजब बंगल्यात घेऊन जातो तेव्हा ती प्राण्यांच्या सांगाड्यांकडे धावतात, आणि मी त्यांना हे सांगत बसतो.

जमशेटजींनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी सुरू केला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता, १८९४ पासून सर्व भारतीयांसाठी खुला झाला. पहिल्या विद्यार्थ्यांत डॉक्टरकीसाठी गेलेल्या फ्रेनी कामा होत्या. त्या काळात मुलीचे नाव यादीत असणे ही लहान गोष्ट नव्हती. महत्त्वाचे असे की हे दान नव्हते, कर्ज होते. शिकायचे, कमवायचे, आणि रक्कम परत करायची, म्हणजे तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याला मिळतो. हा निधी आजही चालू आहे. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि आपले कोल्हापूरला जन्मलेले शास्त्रज्ञ जयंत नारळीकर याच निधीच्या आधाराने शिकायला गेले.

इथे एक मतभेद नोंदवतो. समाजाचा खरा फायदा सर्वांत हुशार मुलांना वर नेण्यात आहे, असा जमशेटजींचा कल होता. माझ्या ऑफिसात येतात ती मुले बहुधा पहिल्या ओळीतली नसतात. नारळीकरांसारख्या मुलाला वाट दाखवणारे कोणी तरी भेटते. साठ टक्केवाल्याला मात्र एकही चुकीचे वर्ष परवडत नाही, आणि त्याच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो. कर्जाविषयी मात्र जमशेटजींचे म्हणणे मला पटते. कर्ज काढणे वाईट नाही. पण कशासाठी, आणि ते फेडण्याइतके काम पुढे मिळणार का, हे मुलासमोर बसून बोलले पाहिजे. चुलतभावाच्या मुलाशी बरोबरी हे कर्ज काढण्याचे कारण होऊ शकत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला पुन्हा पुन्हा घोकावा लागला: माणूस विचारविनिमय करतो तो साधनांविषयी; साध्य त्याने आधीच धरलेले असते. वैद्य रोग्याला बरे करावे की नाही यावर चर्चा करत नाही, कसे बरे करावे यावर करतो. अकरावीच्या दिवसांत मला त्याची आठवण होते. कोणते कॉलेज, कोणती शिकवणी, किती फी, या साधनांवर घराघरांत रात्री बारापर्यंत खल चालतो. हे सगळे कशासाठी, ते मात्र शेजाऱ्याने ठरवून ठेवलेले असते.

काही साध्या गोष्टी पालकांना ठाऊक असाव्यात. विज्ञान शाखेत गणित सोडून जीवशास्त्र घेतले तर पुढे अभियांत्रिकीचा रस्ता बहुतांशी बंद होतो. विज्ञानातून बारावीनंतर वाणिज्य किंवा कलेकडे वळता येते. उलट येणे जवळपास अशक्य. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका केली तर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, आणि आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांनाही पदविकेकडे जाता येते. म्हणजे आयटीआय हा रस्त्याचा शेवट नाही. ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरताना मुलाला शेजारी बसवा. कॅफेवाल्यावर सोपवू नका.

जमशेटजींचे शेवटचे मोठे स्वप्न संशोधन करणाऱ्या विद्यापीठाचे होते. त्यासाठी त्यांनी १८९८ मध्ये तीस लाख रुपयांची मालमत्ता, म्हणजे जवळपास आपली निम्मी संपत्ती, देऊ केली. बर्जोरजी पादशा यांना त्यांनी देशोदेशीची विद्यापीठे पाहून यायला पाठवले. नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे योजना ठेवली तेव्हा त्यांनी शंका काढल्या: एवढे शिकायला विद्यार्थी येतील का, आणि शिकून बाहेर पडलेल्यांना काम कोण देणार? शंका मूर्खपणाच्या नव्हत्या. आजचे पालकही तेच विचारतात. जमशेटजींचे उत्तर त्यांच्या कामात होते. एकीकडे विद्यापीठ आणि दुसरीकडे पोलाद व वीज, असे दोन्ही बेत ते बरोबरीने आखत होते, म्हणजे शिकलेल्यांना जायला जागा राहील. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नॉहाइम येथे त्यांचे निधन झाले. तोवर विद्यापीठ झाले नव्हते, पोलाद निघाले नव्हते, वीजही आली नव्हती. बंगळूरच्या संस्थेला १९०९ मध्ये मान्यता मिळाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी वर्गात बसले.

तो मुलगा आणि त्याचे वडील सोमवारी आयटीआय बघून आले. वडिलांचे अजून पूर्ण पटलेले नाही. वीजतंत्रीच्या कार्यशाळेत मुलाने शिक्षकांना इतके प्रश्न विचारले की निघायला उशीर झाला, एवढे त्यांनी मला सांगितले. बुधवारी ते तंत्रनिकेतन पाहायला जाणार आहेत, आणि शिकवणी वर्गाची फी त्यांनी अजून भरलेली नाही.

मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी सहा ते आठ धर्मग्रामाचे ऑफिस याच कामासाठी उघडे राहील. आपल्यातले रेल्वेत, दवाखान्यात, शाळेत आणि कारखान्यात काम करणारे काही जण मुलांशी बोलायला येणार आहेत. गुणपत्रिका आणा, अर्जाची प्रत आणा, आणि शक्यतो आई व वडील दोघेही या.

आपला,
फादर